चौथ्या खाटेवरच्या तुळजाबाई

दिवाळीपासून तुळजाबाईंना व्हायचा असा एकही रोग राहिला नव्हता. सोमवारी न्यूमोनिया, बुधवारी मोडलेला पाय, शुक्रवारी बाळंतपणानंतरचा ताप. बासष्टाव्या वर्षी बाळंतपण म्हटल्यावर त्यांचे यजमान हैबतराव ओसरीवर एवढ्या मोठ्यानं हसले, की समोरच्या कँटीनमधली कॉलेजची पोरं वळून बघायला लागली.

"पेढं वाटायचं का बर्फी, तेवढं सांग," ते म्हणाले.

तुळजाबाईंच्या तोंडात थर्मामीटर होता म्हणून हैबतराव वाचले. एरवी त्या कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी नुसते डोळे वटारले आणि हैबतरावांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

हा सगळा रोगांचा बाजार भरला होता तो सुलक्षणापायी. लवळ्याच्या टेकडीवर कॉलेजं आली तशी हैबतरावांनी घरावर दुसरा मजला चढवला आणि चार खोल्या भाड्यानं द्यायला काढल्या. पोरी यायच्या, वर्ष-दोन वर्षं राहायच्या, जाताना पायांवर डोकं ठेवून जायच्या आणि पुढच्या महिन्यात त्यांची नावंही विसरायला व्हायची. सुलक्षणा मात्र पाच वर्षं जिन्याजवळच्या खोलीत होती. हिंगोलीकडची पोर, नर्सिंगच्या कोर्सला आलेली. काळीसावळी, हडकुळी, चालताना पायांचा आवाज होऊ न देणारी. पहिल्या वर्षी तर घरात कुणी राहतंय की नाही याचीच तुळजाबाईंना शंका यायची.

लेखी परीक्षेत पोरगी कॉलेजात पहिली. पण नर्सला नुसतं लिहून भागत नाही. शेवटच्या वर्षी क्लिनिकल परीक्षा असते, म्हणजे पेशंटच्या खाटेशी उभं राहून द्यायची. खाटेवर पेशंट, पलीकडे कागद-पेन घेऊन परीक्षक, आठ मिनिटं, आणि मग घंटा. सुलक्षणा या परीक्षेला दोनदा बसली आणि दोनदा नापास झाली. पहिल्या वेळी तिनं हातानं सगळं बरोबर केलं, पण तोंडातून अक्षर काढलं नाही. पेशंटला नाव विचारलं नाही, हात लावू का म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या वेळी पेशंट म्हणाला, "नको, दुखतंय," आणि ही कापसाचा बोळा हातात धरून घंटा होईपर्यंत तशीच उभी राहिली. गंमत अशी, की खऱ्या वॉर्डात तिचं असं कधी होत नसे. तिथं म्हातारे तिला नावानं हाका मारायचे. कागद-पेन घेतलेलं माणूस समोर दिसलं की मात्र तिचा आवाज जायचा.

आता तिसरी संधी, आणि कॉलेजच्या नियमानं शेवटची. हीही हुकली तर सगळा कोर्स पुन्हा पहिल्या वर्षापासून. म्हणजे पाच वर्षं पाण्यात.

दिवाळीच्या सुमारास तुळजाबाई वाळवण काढायला गच्चीवर गेल्या, तर ही बाई उशीशी बोलत बसलेली. "नमस्कार, मी सुलक्षणा. तुम्हाला कुठं दुखतंय?" असं उशीला विचारत होती.

"अगं, उशीला काय इचारतीस?" तुळजाबाई म्हणाल्या. "ती काय सांगनार हाय कप्पाळ! मला इचार. माजं सगळंच दुखतंय."

सुलक्षणा लाजून उठली, पण तुळजाबाईंनी वाळवणाचं सूप खाली ठेवलं आणि गच्चीवरच्या चटईवर त्या सरळ आडव्या झाल्या. त्या दिवसापासून रोज उन्हं कलली की ओसरीवरच्या खाटेवर तुळजाबाई आजारी पडायला लागल्या.

सुरुवातीला सुलक्षणा पुटपुटायची. तुळजाबाई म्हणायच्या, "आयकू येत न्हाई. मी म्हातारी हाय, मला मोट्यानं सांग." ती मोठ्यानं सांगायची. तुळजाबाई म्हणायच्या, "वरडतीस कशाला गं माज्यावर? मी काय भैरी हाय व्हय?" पोरगी रडकुंडीला यायची, पण पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. नाव, परवानगी, हात धुणं, पडदा ओढणं. पडदा म्हणून ओसरीच्या दोरीवर तुळजाबाईंचं जुनं लुगडं टाकलेलं असे. इंजेक्शनचा सराव वांग्यावर चाले. तुळजाबाई परसातली ताजी वांगी काढून द्यायच्या, सुलक्षणा त्यात साधं पाणी टोचायची, आणि संध्याकाळी त्याचंच भरीत व्हायचं. "आज भरताला सलाईन लावलंय," असं म्हणून हैबतराव दोन भाकऱ्या जास्त खायचे.

या सगळ्यात तुळजाबाईंना एक गोष्ट दिसायला लागली आणि त्या मनातून चकित झाल्या. ही पोरगी छातीवर ती नळीची चकती ठेवायच्या आधी तळहातात धरून ऊब देते, थंडगार लागू नये म्हणून. नाडी धरली की पूर्ण मिनिटभर घड्याळावरची नजर काढत नाही. मध्येच कँटीनमध्ये भांडण जुंपो की हैबतरावांना ठसका लागो. आणि कूस वळवायला सांगताना आपला हात आधी पाठीखाली घालते. चाळीस वर्षं तुळजाबाईंनी सासू, सासरे, चुलतसासू, सगळ्यांची दुखणी काढली होती. खाटेवरच्या माणसाला कसा हात लावायचा ते त्यांना कळत होतं, आणि हा हात त्यांनी ओळखला. असा हात शिकवून येत नाही, असं त्यांना मनोमन वाटलं. त्या हैबतरावांना म्हणाल्या, "या पोरीला नापास करनारी मानसं कंच्या शाळंत शिकली, ते बघाया पायजेल."

याच सरावात एकदा सुलक्षणानं बोट टोचून साखर मोजली आणि आकडा फार वर दिसला म्हणून पुन्हा मोजली. दुसऱ्या दिवशी तिनं तुळजाबाईंना हाताला धरून पिरंगुटच्या डॉक्टरकडं नेलं. तेव्हापासून रोज सकाळी नाश्त्याआधी साखर उतरवायची एक गोळी. सुलक्षणा कॉलेजला जाताना खिडकीतून ओरडून विचारायची, "मावशी, गोळी?" आणि आतून उत्तर यायचं, "घेतली गं बाई!" इतरांना न जुमानणाऱ्या तुळजाबाई या एका गोळीच्या बाबतीत तिच्या शब्दाबाहेर जात नसत.

परीक्षेला पंधरा दिवस राहिले असताना कॉलेजातल्या शुभांगी मॅडम गावात आल्या. परीक्षेसाठी आठ खाटा मांडायच्या होत्या. चार खाटांवर रबरी पुतळे आणि चार खाटांवर जिवंत माणसं. ही माणसं दरवर्षी लवळ्यातूनच जायची. त्यांना एक कार्ड पाठ करायला द्यायचं. नाव काय सांगायचं, काय दुखतंय, काय खाल्लंय. विचारलं तर तेवढंच बोलायचं, न विचारलं तर गप्प पडून राहायचं. म्हातारा गेणबा तर इतकी वर्षं जात होता, की त्याला पोटदुखीचा पेशंट म्हणूनच गाव ओळखत होतं.

"मावशी, तुम्ही याल का?" मॅडमनी विचारलं. "फक्त एक अट आहे. परीक्षेला बसणारी कुठली मुलगी तुमच्या नात्यातली किंवा ओळखीची असता कामा नये."

आता खरं काय ते बोलायला हवं होतं. वरच्या मजल्यावर सुलक्षणाचा गणवेश वाळत होता, तो मॅडमच्या डोक्यावरच हलत होता. पण तुळजाबाईंच्या मनात आलं, आपण नाही म्हटलं तर तिथं कुणीतरी आंबट तोंडाची बाई जाऊन पडेल आणि पोरीला बघून 'नको, दुखतंय' म्हणेल. आपण असलो तर निदान हात तरी नीट पुढं करू.

"ओळखीचं कोन न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या.

चांगल्या माणसाला खोटं बोलायचं म्हटलं की ते असं एका वाक्यात बोलतं आणि मग पंधरा दिवस त्याला झोप लागत नाही. सुलक्षणालाही त्यांनी काही सांगितलं नाही. तिला कळलं तर ती सरळ जाऊन मॅडमना सांगेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

परीक्षा मंगळवारी आली. सकाळी सातला सुलक्षणा पांढऱ्या गणवेशात खाली उतरली, देवघरात हात जोडले, तुळजाबाईंच्या पाया पडली आणि एक शब्द न बोलता टेकडीचा रस्ता चालायला लागली. तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत तुळजाबाई दारात उभ्या राहिल्या. त्या देव्हाऱ्यासमोर बसल्या आणि देवीला म्हणाल्या, "आई, पोरीचं एवढं पार पाड. आज दिस मावळस्तोवर निरंकार. पान्याचा थेंब घ्यायची न्हाई."

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. पण उठता उठता त्यांची नजर खिडकीतल्या गोळ्यांच्या डबीवर गेली. आज खिडकीतून ओरडायला पोरगी नव्हती, म्हणून तर गोळी चुकवून मुळीच चालणार नव्हतं. देवीलाही शब्द दिलेला आणि पोरीलाही. तुळजाबाईंनी गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्यावाचून, मान वर करून गिळून टाकली. दोन्ही शब्द पाळल्याच्या समाधानात त्या नवं लुगडं नेसल्या आणि हैबतरावांना म्हणाल्या, "मी पिरंगुटला बाजाराला जाती."

कॉलेजच्या हॉलमध्ये त्यांना चौथी खाट मिळाली. कार्डावरचं नाव कमलबाई, दोन दिवस ताप, सकाळी भाकरी-भाजी खाल्लेली. खाटेपलीकडे बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाई बसल्या होत्या. बारीक चणीच्या, चष्म्याच्या, तोंडावरची माशी न हलणाऱ्या. हिच्यासमोर माझाच आवाज जाईल, तुळजाबाईंच्या मनात आलं.

दहा वाजता घंटा झाली. पोरी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर सरकायला लागल्या. पहिल्या आठ-दहा पोरींपर्यंत तुळजाबाई मजेत होत्या. साडेअकराच्या पुढं मात्र अंगात कसलीतरी हुरहुर सुटली. पाठीला घाम आला. भिंतीवरचं घड्याळ जरा हलल्यासारखं वाटायला लागलं. उपासानं होतं असं, त्या स्वतःला म्हणाल्या. एक पोरगी आली, मनगट धरलं, परीक्षक बाईंकडं बघत बघत मोजल्यासारखं केलं आणि कागदावर आकडा लिहून गेली. तिच्या मागून दुसरी आली, तिनंही तेच केलं. पलीकडच्या खाटेवर गेणबा पोटदुखी विसरून खरोखरच घोरत होता.

मग घंटा झाली आणि चौथ्या खाटेशी सुलक्षणा आली.

तिनं खाटेकडं बघितलं आणि जागच्या जागी थांबली. तुळजाबाईंनी ठरल्याप्रमाणं तोंड भिंतीकडं केलं. ओळख द्यायची नाही, फक्त हात पुढं करायचा. पण हात उचलायला गेल्या तर तो थरथरत होता. त्यांना पहिल्यांदाच भीती वाटली. स्वतःची नव्हे. आपल्याला इथं काही झालं तर हिची आठ मिनिटं जातील, याची.

"नमस्कार. मी सुलक्षणा, तुमची नर्स," पोरीचा आवाज आला. बारीक होता, पण आला. "तुमचं नाव सांगता का?"

"कमलबाई," तुळजाबाई म्हणाल्या. जीभ जड झाली होती.

"कमलबाई, मी तुमची नाडी बघू का?"

तिनं हात धुतले, पडदा ओढला आणि मनगट धरलं. तुळजाबाईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. पोरीची नजर घड्याळावर होती. पंधरा सेकंद झाले, तीस झाले. परीक्षक बाईंनी पेन टेबलावर वाजवलं. सुलक्षणानं मान वळवली नाही. मिनिट पुरं झालं तेव्हा तिनं मनगट सोडलं नाही, उलट दुसऱ्या हातानं तुळजाबाईंचं कपाळ पुसलं आणि आपल्या ओल्या तळव्याकडं बघितलं.

"कमलबाई, सकाळपासून काय खाल्लंय?"

"भाकरी... भाजी," तुळजाबाईंनी कार्डावरचं उत्तर दिलं. पाठ केलेलं होतं, म्हणून तेवढं तरी आलं.

सुलक्षणा खाली वाकली. तोंडाजवळ तोंड आणून म्हणाली, "मावशी, कार्डावरचं नको. खरं सांगा."

हॉलमध्ये कुणाला ऐकू गेलं नसेल, पण परीक्षक बाईंना गेलं. त्यांचं पेन थांबलं. "तुम्ही ओळखता यांना?"

तुळजाबाईंनी डोळे मिटून घेतले. झालं. केलं मी पोरीचं वाटोळं.

"हो मॅडम," सुलक्षणा म्हणाली. "मी यांच्याच घरी राहते. त्या इथं येणार हे मला माहीत नव्हतं. ते आपण नंतर बोलू. यांना डायबेटिस आहे, नाडी एकशे सोळा आहे, दरदरून घाम आलाय. ही अॅक्टिंग नाही. मला ग्लुकोमीटर द्या."

परीक्षक बाई क्षणभर बघत राहिल्या.

"मॅडम, तुमच्या मागच्या ट्रेमध्ये आहे. लवकर!"

कागद-पेन घेतलेल्या माणसाशी ती अशी बोलत होती. आणि त्या माशी न हलणाऱ्या बाई खुर्ची मागं सारून उठल्या आणि त्यांनी मुकाट्यानं ट्रे आणून दिला. तुळजाबाईंना अर्धवट गुंगीतही ते दिसलं. बोटाला टोचलं. आकडा आला बावन्न, साखर पार खाली गेलेली. सुलक्षणानं पेल्यात ग्लुकोजची पावडर कालवली, हात आधी पाठीखाली घातला, मग तुळजाबाईंना उठवून बसवलं आणि पेला ओठांना लावला.

तुळजाबाईंनी दात घट्ट मिटले.

"मावशी, प्या."

"न्हाई."

"मावशी!"

"निरंकार हाय माजा. दिस मावळस्तोवर." तुळजाबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तू पास व्हावंस म्हनून. आता प्याले तर तुजं कसं व्हनार गं?"

"आणि गोळी?"

"घेतली की. तूच सांगितलंयस ना, चुकवायची न्हाई."

 तेवढ्यात घंटा झाली. आठ मिनिटं संपली होती. पोरी पुढच्या खाटेवर सरकल्या, पाचव्या खाटेजवळच्या परीक्षकांनी सुलक्षणाचा एकवीस नंबर पुकारला. सुलक्षणानं तिकडं वळूनही बघितलं नाही. चौथ्या खाटेचा तिचा कागद अर्धा कोराच होता, आणि तुळजाबाईंना त्या गुंगीतही तो कोरा कागद दिसत होता.

"इकडं बघा," सुलक्षणा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण असा होता की ओसरीवर पाच महिन्यांत तुळजाबाईंनी तो कधी ऐकला नव्हता. "माझ्या पास व्हायचं मी बघेन, नाहीतर देवी बघेल. तुमच्या साखरेचं मला बघायचंय. देवीला मी सांगते मागाहून, की मी पाजलं. तोंड उघडा."

तुळजाबाईंनी तोंड उघडलं. पेला संपला तसा सुलक्षणानं दुसरा भरला. मग खाटेच्या कडेला बसून राहिली, मनगट धरून. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं तेव्हा आकडा अठ्ठ्याण्णव होता, आणि भिंतीवरचं घड्याळही जागेवर आलं होतं.

तोवर शुभांगी मॅडम धावत आल्या होत्या. काय झालं ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "ओळखीचं कुणी नाही असं सांगितलं होतंत ना मावशी तुम्ही?"

आता मात्र तुळजाबाई खाटेवर ताठ बसल्या. पदर नीट केला. "खोटं बोलले मी. पोरीला ठावं नव्हतं. तिला सांगितलं असतं तर तिनं मला येऊच दिलं नसतं. काय शिक्षा करायची ती मला करा, तिच्या कागदावर काय मांडू नका." आणि मग, बोलायचं नव्हतं तेही बोलून गेल्या, "पाच वर्सं राबलीय वो ती."

परीक्षक बाई चष्मा काढून पुसत होत्या. बराच वेळ पुसल्यावर म्हणाल्या, "हिच्या आधी दोघींनी हाच हात धरला होता. दोघींनी बहात्तर लिहून ठेवलंय."  "आणि मी दोन हातांवर बसले होते. मलाही दिसलं नाही."

 बाईंनी चष्मा चढवला आणि त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा कोरडा झाला. ओळखीच्या पेशंटवरचे गुण धरता येणार नाहीत, ही खाट रद्द. झाला प्रकार लेखी द्यायचा. सुलक्षणानं सगळ्यांच्या शेवटी, दुसऱ्या पेशंटवर, ही खाट पुन्हा पहिल्यापासून द्यायची. बाकीच्या खाटाही तेव्हाच. एक मिनिटही वाढवून मिळणार नाही.

"चालेल मॅडम," सुलक्षणा म्हणाली. "फक्त यांना आधी काहीतरी खायला द्या."

दुपारभर तुळजाबाई कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून होत्या. हातात कँटीनमधला पोह्यांचा कागद. शुभांगी मॅडमनी समोर उभं राहून तो संपवायला लावला होता. निरोप मिळताच हैबतराव स्कूटर घेऊन आले. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी नेहमीसारखी थट्टा केली नाही. बायकोच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, "येडी हायेस." 

तुळजाबाईंना राहून राहून एकच वाटत होतं. ज्या हातांनी आपण तिला धरून ठेवायला गेलो त्याच हातांनी तिला खाली ओढलं. एक तर उपास मोडला. दुसरं म्हणजे पोरगी आता दमून गेल्यावर, पोटात काही नसताना, पुन्हा त्याच बाईसमोर उभी राहणार. आवाज गेला तर? त्या मनातल्या मनात देवीला म्हणाल्या, रागवायचं तर माझ्यावर रागव. पण देवी काही मागाहून सांगत नाही, आधीही सांगत नाही. बसून राहण्याशिवाय दुसरा इलाज नव्हता.

पाच वाजता शिपायानं काचेच्या दारावर कागद चिकटवला. पोरींची झुंबड उडाली.  हैबतराव गर्दीत घुसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बोट लावून आकडे वाचायला लागले. त्यांचं बोट खाली खाली सरकत गेलं तसा तुळजाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. बोट एका जागी थांबलं.

"एकवीस!" हैबतराव ओरडले. सत्तरीचा माणूस, पण आवाज असा की गेटावरचा वॉचमन पळत आला. "एकवीस हाय! पास हाय आपली पोरगी!"

सुलक्षणा गर्दीच्या मागं उभी होती. मैत्रिणींनी तिला मिठ्या मारल्या, कुणी तिची टोपी उडवली. ती हसली, रडली, मग सगळ्यांच्या हातांतून सुटली आणि पायऱ्यांकडं यायला लागली. तुळजाबाईंनी डोळे पुसले, पदर डोक्यावरून घेतला आणि पाय जरा पुढं करून बसल्या. पोरगी आता पाया पडणार. आशीर्वाद ओठांवर तयार होता.

सुलक्षणा समोर येऊन उभी राहिली. वाकली नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"काय करून बसला होतात हो हे?" ती म्हणाली. हिंगोलीची बोली रागानं वर आली होती. "गोळी घ्यायची आणि जेवायचं नाही? अजून अर्धा तास गेला असता तर बेशुद्ध पडला असतात, कळतंय का? आणि वरून मलाच फसवायलात, भाकरी-भाजी खाल्ली म्हणून! उद्यापासून उपास बंद. साबुदाण्याचासुद्धा नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गोळी घेतली की अर्ध्या तासात ताटावर बसायचं, मग देव पाण्यात असले तरी. समजलं का?"

सगळं कॉलेज बघत होतं. हैबतराव दोन पावलं मागं सरकले. आता काय होणार ते चाळीस वर्षांच्या संसारातनं त्यांना ठाऊक होतं. सासूनं, दिरानं, खुद्द त्यांनी, ज्यानं ज्यानं या बाईला असं सुनावलं होतं त्याला चांगलं महिनाभर पुरेल एवढं परत मिळालं होतं.

तुळजाबाई पायरीवरून उठल्या. पोरीच्या रागानं लाल झालेल्या चेहऱ्याकडं, चुरगळलेल्या पांढऱ्या गणवेशाकडं त्यांनी नीट बघून घेतलं. मग मान खाली घातली आणि दोन्ही हात जोडले.

"चुकलं माजं," त्या म्हणाल्या. "पुन्यांदा न्हाई करायची, सिस्टर."